फिल्टरच्या कापडावरचं पॅलेडियम

खेड आणि चिपळूणच्या मधे, मुंबई-गोवा महामार्गाला लागून लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली रासायनिक कारखानदारी म्हटलं की पहिलं नाव हेच तोंडी येतं. जगबुडी आणि वाशिष्ठी या दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात औषधांचा कच्चा माल, कीटकनाशकं आणि नाना प्रकारची विशेष रसायनं तयार होतात. अशा कारखान्यांमधून तयार मालाच्या गाड्या निघतात, तशी अधूनमधून एक वेगळी गाडीही निघते. तिच्यात घट्ट झाकणांचे थोडेसे ड्रम असतात आणि आत काळा, ओला लगदा. कागदोपत्री तो घातक कचरा. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार त्याच्यासोबत मॅनिफेस्ट लागतं. कुठून निघाला, कुणी नेला, कुठे उतरला याची नोंद लागते. पण त्याच ड्रमचा विमाही उतरवलेला असतो आणि त्याच्या वजनावरून दोन कंपन्यांचे हिशेबनीस आठवडाभर पत्रव्यवहार करतात.

कारण साध्या गुणाकारात आहे. हा लगदा म्हणजे वापरून झालेला ‘पॅलेडियम ऑन कार्बन’, कारखान्याच्या भाषेत नुसता ‘पॅलेडियम कार्बन’. त्याच्या बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या प्रकारात कोरड्या वजनाच्या पाच टक्के पॅलेडियम असतं आणि सुरक्षेसाठी तो निम्मं पाणी घालूनच विकतात. म्हणजे 40 किलो ओल्या मालात 20 किलो कोरडा माल आणि त्यात 1 किलो पॅलेडियम. वापरानंतर त्यात प्रक्रियेतले अवशेष मिसळतात, टक्केवारी खाली येते. पण धातू बहुतेक तितकाच राहतो. तुलनेसाठी, दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डच्या खाणींत प्लॅटिनम गटातले सगळे धातू मिळून टनभर खडकामागे जेमतेम तीन ते सहा ग्रॅम निघतात. भारतात ओडिशातल्या बौला-नुआसाहीला आणि कर्नाटकातल्या हनुमलापूरला या धातूंचे अंश सापडले आहेत. आपली गरज मात्र आयातीवर आणि जुन्या मालातून परत मिळवलेल्या धातूवर भागते. खडकापेक्षा हजारो पट श्रीमंत असा हा लगदा लोट्यासारख्या वसाहतीत ड्रममध्ये भरून ठेवलेला असतो, आणि त्याला आपण कचरा म्हणतो.

हे पॅलेडियम तिथे करतं काय? पॅरासिटामॉलची गोळी घ्या. ती बनवण्याच्या एका मार्गात पॅरा-नायट्रोफिनॉलपासून पॅरा-अमिनोफिनॉल करावं लागतं. रेणूतले ऑक्सिजनचे अणू काढून त्या जागी हायड्रोजन बसवायचा. हायड्रोजन वायू नुसता सोडला तर काही घडत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पॅलेडियमच्या पृष्ठभागावर मात्र ही जोडी सुटते, सुटे अणू तिथे टेकतात आणि शेजारी आलेल्या रेणूला जाऊन मिळतात. काम झालं की पृष्ठभाग मोकळा. पॅलेडियम या व्यवहारात खर्च होत नाही, म्हणून तो उत्प्रेरक. धातू महाग आणि काम फक्त पृष्ठभागाचं, म्हणून त्याचे काही नॅनोमीटरचे कण सक्रिय कोळशाच्या भुकटीवर पसरवलेले असतात. कोळसा इथे फक्त आधार.

खर्च होत नाही तर मग तो ‘स्पेंट’, म्हणजे निकामी, कसा होतो? मूळ मालात गंधकाचा अंश असला की तो पॅलेडियमला चिकटून बसतो आणि जागा सोडत नाही. शिसं, पारा हेही तसेच शत्रू. कधी डांबरट अवशेषांनी कोळशाची छिद्रं बुजतात. कधी उष्णतेने शेजारशेजारचे कण एकत्र येऊन मोठे होतात. धातू तितकाच, पण उघडा पृष्ठभाग कमी. बॅचला चार तासांऐवजी सात तास लागायला लागले, हायड्रोजन ओढण्याचा वेग पडला, की शिफ्टमधला जुना माणूस प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायच्या आधीच सांगतो, कॅटॅलिस्ट गेला. त्याच्यातला धातू मात्र जवळजवळ सगळा तिथेच असतो. गेलेली असते ती त्याची मांडणी. या प्रकरणात जे पुढे येणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता ऑटोक्लेव्ह, म्हणजे ही क्रिया ज्यात चालते ते बंद दाबपात्र, रिकामा होतो त्या वेळी काय घडतं ते जवळून पाहू. आतला दाब उतरवायचा, नायट्रोजनने हायड्रोजन बाहेर काढायचा, आणि द्रव फिल्टरमधून घ्यायचा. माल पुढे जातो, काळी भुकटी कापडावर थांबते. ही भुकटी कोरडी पडू देणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात धरून ठेवतं. हे रसायनतज्ज्ञ टॉमस ग्रॅहमने 1866 साली दाखवून दिलं होतं. त्यात भुकटीला द्रावक म्हणून वापरलेलं मिथेनॉल लागलेलं. हवा लागली आणि ओल गेली की आगकाडीची गरज राहत नाही. म्हणून फिल्टर उघडायच्या आधी पाण्याने धुवायचं, ओलंच खरवडायचं, ओलंच ड्रममध्ये भरायचं, वर पाणी ठेवायचं. खरवडणारा कामगार लाकडी किंवा प्लॅस्टिकची फावडी वापरतो, ठिणगी पाडणारं लोखंड नाही. कापडाच्या शिवणीत काळी रेघ उरते. फरशीवर शिंतोडे उडतात. फरशी धुतली की ते पाणी गटारातून कारखान्याच्या ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण संयंत्राकडे, जातं. त्या रेघेकडे आणि त्या पाण्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत, कारण माझ्या मते या धातूची खरी कसोटी तिथेच लागते, रिफायनरीत नाही.

ड्रम बहुतेक मुंबईच्या दिशेने निघतात. प्लॅटिनम गटातले धातू शुद्ध करण्याचं काम देशात मोजक्या कंपन्या करतात. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातली, 1961 साली सुरू झालेली हिंदुस्थान प्लॅटिनम ही त्यांतली एक जुनी. इथला व्यवहार पुष्कळदा खरेदी-विक्रीचा नसतोच, जॉबवर्कचा असतो. धातू औषध कंपनीच्याच मालकीचा राहतो; रिफायनर तो जुन्या मालातून काढतो, नव्या कोळशावर बसवून देतो आणि मजुरी व ठरलेली घट लावतो. जुनं सोनं देऊन नवा दागिना घडवून घेण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा नसतो, विश्वासाचा असतो. ड्रममध्ये पॅलेडियम नेमकं किती? वरच्या थरात एक, तळाला दुसरं, मधे फिल्टरच्या कापडाचे तुकडे. म्हणून आधी सगळा लॉट भट्टीत जाळून राख करतात, ती दळून, चाळून, एकजीव करून तिचा नमुना घेतात. नमुन्याची पाकिटं केली जातात: एक देणाऱ्याचं, एक घेणाऱ्याचं आणि एक सीलबंद, वाद झालाच तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी. दोन्हीकडचे आकडे ठरलेल्या मर्यादेत जुळले तर हिशेब मिटतो.

मराठी माणसाला हा धंदा परका वाटायचं कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यातल्या माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली हजारो कुटुंबं गलाई व्यवसायात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात, आहेत. पाऊस नाही म्हणून गाव सोडलेली ही माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पोचली. मूस, तेजाब, टंच, कस हे त्यांचे रोजचे शब्द. जुन्या दागिन्यातलं सोनं काढायचं तर ते आधी चांदीत मिसळून वितळवतात आणि मग नायट्रिकच्या तेजाबात टाकतात. चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी उरतं. चांदी मग तांब्याच्या पट्ट्यांवर किंवा मिठाने परत बसवतात. त्याही आधी झारेकरी होते, सोनाराच्या दुकानातला केर आणि गल्लीतली माती धुऊन त्यातला कण वेचणारे. काहीतरी विरघळवायचं, काहीतरी तसंच ठेवायचं आणि मग विरघळलेल्यातून एकेक वेगळं बाहेर बोलवायचं, ही मूळ युक्ती या माणसांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पॅलेडियमच्या रिफायनरीत हीच युक्ती जास्त पायऱ्यांनी चालते.

पहिली पायरी जाळण्याची, सहाशे ते आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास, हवा मोजून देत. घाई केली तर कोळसा भडकतो आणि धुरासोबत धातूचे कण चिमणीतून जातात. म्हणून भट्टीच्या मागे धूळ पकडणाऱ्या पिशव्या आणि धूर धुणारा स्क्रबर असतो. तिथली धूळही तोलून पुढच्या लॉटमध्ये घालतात. कोळसा संपला की मूठभर राख उरते. इथे एक अडचण लपलेली असते. हवेत तापल्यामुळे पॅलेडियमचं ऑक्साईड झालेलं असतं आणि हे ऑक्साईड आम्लराजालाही दाद देत नाही. आम्लराज म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाचं मिश्रण, सोनंही विरघळवणारं. म्हणून आधी राखेवर फॉर्मिक आम्ल किंवा हायड्रोजन वापरून ऑक्साईडचं पुन्हा धातूत रूपांतर करायचं. ही पायरी ज्याने आळसाने गाळली त्याचा धातू न विरघळता गाळात राहतो.

आता विरघळवणं. आम्लराजात दोन आम्लं दोन वेगळी कामं करतात. नायट्रिक धातूच्या अणूपासून इलेक्ट्रॉन काढून घेतं. पण एवढ्यावर थांबलं तर तो अणू परत धातूत यायला बघतो. हायड्रोक्लोरिकमधले क्लोराईड आयन त्याला तिथल्या तिथे धरतात. पॅलेडियमभोवती चार क्लोराईड चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर बसतात. धातू असा वेढला गेला की त्याची परतीची वाट बंद होते. द्रव गडद तांबूस-तपकिरी होतो आणि वर नायट्रोजन ऑक्साईडचा पिवळट-तपकिरी धूर उठतो. हा धूर फुप्फुसांचा शत्रू आहे. तासाभराने बरं वाटतं आणि रात्री श्वास कोंडतो असा त्याचा कावा. म्हणून नव्या रिफायनऱ्यांमध्ये नायट्रिकच्या जागी हायड्रोक्लोरिकमध्ये क्लोरीन वायू किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड घालून तेच काम करून घेतात. नायट्रिक वापरलंच असेल तर पुन्हा पुन्हा हायड्रोक्लोरिक घालून द्राव आटवत त्याला पूर्ण हाकलावं लागतं, नाहीतर पुढचं एकही अवक्षेपण धड होत नाही.

यानंतरची पायरी मला या सगळ्या विद्येतली सर्वांत देखणी वाटते. गाळलेल्या तांबूस द्रावात अमोनिया हळूहळू सोडायचा. आधी गुलाबीसर अवक्षेप दाटून येतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ वोकलँ याच्या नावाने तो ओळखला जातो. घाबरायचं नाही, अमोनिया घालत राहायचं. तो गुलाबी साका पुन्हा विरघळतो आणि द्राव जवळजवळ रंगहीन होतो. पॅलेडियमभोवतीचे चारही क्लोराईड जाऊन तिथे चार अमोनिया आलेले असतात. याच वेळी लोखंड मात्र गंजाच्या रंगाच्या हायड्रॉक्साईडच्या रूपाने खाली बसतं. ते गाळून टाकलं. तांबं आणि निकेल अजून द्रावात आहेत, तेही अमोनियाशी सलगी करतात आणि द्रावाला निळी झाक देतात. मग उलट वाट धरायची. हायड्रोक्लोरिक आम्ल घालत द्राव आम्लधर्मी केला की पॅलेडियमजवळचे दोन अमोनिया सुटतात, दोन राहतात, दोन क्लोराईड परत येतात; आणि हे नवं संयुग पाण्यात राहायला तयार नसतं. भांडंभर पिवळीधमक बारीक भुकटी खाली उतरते. तांबं-निकेल वरच्या पाण्यातच राहतं. जाताना लोखंड गळालं, येताना तांबं-निकेल. पिवळी भुकटी धुवायची, पुन्हा अमोनियात विरघळवायची, पुन्हा आम्लाने खाली आणायची. प्रत्येक फेरीत शुद्धता वाढत 99.95 टक्क्यांपर्यंत जाते. शेवटी हायड्रॅझिन किंवा फॉर्मिक आम्ल घातलं की फसफसून काळा-करडा धातू सुटतो. त्याला स्पंज म्हणतात.

ही वाट दोनशे वर्षांहून जुनी आहे. लंडनचा रसायनतज्ज्ञ विल्यम हाइड वोलॅस्टन दक्षिण अमेरिकेतून आलेलं प्लॅटिनम आम्लराजात विरघळवून, नवसागराने त्याचा पिवळा क्षार खाली बसवत होता. 1802 साली उरलेल्या द्रावात, जो दुसऱ्या कुणी ओतून दिला असता, त्याला एक नवा धातू सापडला. त्याच वर्षी सापडलेल्या पॅलस या लघुग्रहाच्या नावावरून त्याने पॅलेडियम नाव ठेवलं. पण शोध शास्त्रीय सभेत मांडायच्या ऐवजी त्याने 1803 मध्ये सोहो भागातल्या एका दुकानात तो धातू निनावी पत्रकासह विकायला ठेवला. रिचर्ड शेनेव्हिक्स या रसायनतज्ज्ञाने तो विकत घेऊन तपासला आणि हा नवा धातू नसून प्लॅटिनम आणि पाऱ्याचं मिश्रण आहे असं ठासून सांगितलं. मग असं मिश्रण बनवून दाखवणाऱ्याला निनावी बक्षीस जाहीर झालं; कुणालाच ते जमलं नाही आणि 1805 मध्ये वोलॅस्टनने आपलं नाव उघड केलं. मधल्या काळात, 1804 साली, त्याच उरलेल्या द्रावातून त्याने ऱ्होडियमही काढलं होतं. प्लॅटिनम कुटुंबातले दोन धातू एका माणसाने टाकाऊ पाण्यातून शोधले, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सगळेच उत्प्रेरक पॅलेडियम-कार्बनइतके सरळ नसतात. तेल शुद्धीकरण कारखान्यांत पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला प्लॅटिनम लागतं, पण ते अॅल्युमिनाच्या गोळ्यांवर, टक्क्याच्या एका छोट्या अंशात. अॅल्युमिना जळत नाही. तिथे उलट करावं लागतं: गंधकाम्लात किंवा कॉस्टिकमध्ये आधारच विरघळवायचा आणि प्लॅटिनम मागे ठेवायचं. मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये चिनी मातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम तिन्ही असतात. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना 1995 पासून हे यंत्र सक्तीचं झालं आणि 2020 च्या बीएस-6 निकषांनी त्यावरचा भर आणखी वाढवला. यातलं ऱ्होडियम सर्वांत हट्टी. आम्लराजात ते जवळजवळ विरघळतच नाही. 2021 च्या मार्चमध्ये त्याचा भाव औंसाला 29,000 डॉलरच्या आसपास गेला होता. हा ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम. भाव असा चढला की गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बादलीत आम्ल ओतून कन्व्हर्टर ‘गाळणारे’ उगवतात. त्यांच्या हाती थोडं पॅलेडियम लागतं, ऱ्होडियम गाळात जातं आणि विषारी पाणी मोरीत. प्लॅटिनमचे क्लोराईड क्षार श्वासातून गेले तर कायमचा दमा जडवतात. जुन्या रिफायनऱ्यांतल्या कामगारांनी त्याची किंमत मोजली आहे.

तीन-चार धातू एकत्र असले की अवक्षेपणाच्या फेऱ्या फार होतात. तिथे द्रावक-निष्कर्षण कामी येतं. धातूंचं पाणी एका न मिसळणाऱ्या सेंद्रिय द्रवासोबत घुसळायचं. त्या द्रवात गंधकाचा अणू असलेलं सल्फाईड असेल तर पॅलेडियम त्याच्याकडे ओढलं जातं, कारण पॅलेडियमला गंधकाची ओढ आहे. कारखान्यात ज्या गंधकाने उत्प्रेरकाला मारलं तोच इथे मदतीला येतो. प्लॅटिनम नंतर अमाईनने उचलायचं. शेवटी पाण्यात ऱ्होडियम उरतं. आपल्या देशाला हे तंत्र चांगलंच ठाऊक आहे. ट्रॉम्बेला 1964 साली सुरू झालेल्या प्लुटोनियम संयंत्रात ट्रायब्युटिल फॉस्फेट वापरून याच तत्त्वावर युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं केलं गेलं.

इथवर धातूची बाजू झाली. पण रत्नागिरीत बसून या विषयावर लिहिताना पाण्याची बाजू टाळता येत नाही. 1992 साली स्टरलाइट कंपनीला तांब्याच्या स्मेल्टरसाठी रत्नागिरीत जमीन मिळाली होती. आंबा आणि मासळी यांवर जगणाऱ्या लोकांनी जोरदार विरोध केला, 1993 मध्ये काम थांबलं आणि प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तांबं विद्युत पद्धतीने शुद्ध करताना टाकीच्या तळाशी जो गाळ जमतो त्यात सोनं, चांदी आणि प्लॅटिनम गटाचे अंश असतात, म्हणजे मौल्यवान धातूंच्या रसायनशास्त्राचा मोठा कारखाना तेव्हाच इथे आला असता. लोकांना तो नको होता, आणि लोट्याचा पुढचा अनुभव पाहता त्यांची भीती पोकळ नव्हती. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात लोट्याच्या सांडपाण्याचा आणि दाभोळ खाडीतल्या मासेमारीवर झालेल्या परिणामाचा प्रश्न स्पष्टपणे मांडला. जगबुडी वाशिष्ठीला मिळते आणि ते पाणी दाभोळच्या खाडीत जातं. वरच्या कातळावर जे सांडलं ते खाली भोई-कोळ्यांच्या जाळ्यापर्यंत पोचतं.

धातू काढण्याचं रसायनशास्त्र या बाबतीत निष्पाप नाही. वर सांगितलेल्या देखण्या पिवळ्या अवक्षेपामागे पिंपभर पाणी उरतं, अमोनिया आणि क्लोराईडने भरलेलं. या पाण्यात नुसता चुना घालून भागत नाही. साध्या सांडपाण्यात चुना घातला की तांबं, निकेल खाली बसतं. पण अमोनियाने त्यांना धरून ठेवलेलं असलं की ती विरघळलेलीच राहतात आणि सामुदायिक शुद्धीकरण केंद्रातल्या जिवाणूंपर्यंत जातात. ते जिवाणू मेले की इतर सगळ्या कारखान्यांचं पाणीही अर्धवट शुद्ध होऊन बाहेर पडतं. शिवाय सुटा अमोनिया माशांना थोड्या प्रमाणातही मारक. म्हणून आधी अमोनिया उकळून किंवा हवेने बाहेर काढून पुन्हा वापरात आणायचा, मग जस्ताच्या भुकटीवर उरलासुरला मौल्यवान धातू बसवायचा, मग बाकीचे धातू सल्फाईडने खाली आणायचे, आणि क्षारांचं पाणी आटवून घन करायचं. हे सगळं करायला मोठं संयंत्र आणि त्यावर सतत बसणारी माणसं लागतात. लोट्यातल्या प्रत्येक कारखान्याने आपापली छोटी रिफायनरी मागच्या अंगणात थाटावी, दोन पैसे वाचवावेत, या विचाराला माझा ठाम विरोध आहे. ड्रम बंद ठेवावेत आणि जिथे हे शेवटपर्यंत निस्तरण्याची सोय आहे तिथेच पाठवावेत.

कारखान्याचं काम दुसरं आहे आणि ते जास्त मोलाचं आहे. चांगल्या रिफायनरीत पोचलेल्या शंभर ग्रॅम पॅलेडियममधले पंचाण्णवहून जास्त परत मिळतात. खरी गळती ड्रम भरण्याच्या आधी होते: कापडाच्या शिवणीत, फरशीच्या धुण्यात, पंपाच्या पोटात, आणि विरघळून मालासोबत पुढे गेलेल्या अंशात. भुकटी बारीक असते, कापड जुनं होतं, एखाद्या बॅचच्या मदर लिकरला, म्हणजे गाळून पुढे गेलेल्या द्रवाला, करडी झाक येते आणि रात्रपाळीत कुणी लक्ष देत नाही. ज्या दिवशी शिफ्टच्या वहीत ‘कॅटॅलिस्ट घातला 10 किलो’ या ओळीसमोर ‘ओला परत आला इतका, ओल इतकी’ हे लिहायला सुरुवात होते, त्या दिवशी गळती कुठे आहे ते दिसायला लागतं. कापडाच्या पुढे बारीक छिद्रांचा दुसरा फिल्टर बसवणं, फरशीचं पहिलं धुणं वेगळ्या टाकीत निवळू देणं, वापरलेली कापडं, हातमोजे, पुसायची फडकी कचऱ्यात न टाकता त्याच ड्रममध्ये घालणं, या गोष्टींना ना परदेशी तंत्रज्ञान लागतं ना मोठं भांडवल. जुनं कापड जाळलं की त्याच्या राखेतही धातू सापडतोच.

दुसरी वाट शोधकांची. उत्प्रेरक असा बांधायचा की वेगळं करण्याचा प्रश्नच हलका व्हावा. जर्मनीत ओबरहाउझेनला 1984 पासून एका प्रक्रियेत ऱ्होडियम पाण्यात विरघळणाऱ्या रूपात वापरतात. तयार माल तेलासारखा वर तरंगतो आणि ऱ्होडियम खालच्या पाण्यात राहून परत कामाला लागतं. अडचण अशी की पाण्यात न मिसळणाऱ्या मूळ मालांसाठी ही क्रिया फार मंद चालते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केलं. तेलाच्या थरात असा एक पदार्थ घालायचा जो दोन थरांच्या सीमेवर ऱ्होडियमला धरून ठेवेल. क्रियेचा वेग कितीतरी पटींनी वाढला, आणि 1995 साली ‘नेचर’मध्ये ते संशोधन छापून आलं. धातू नंतर शोधत बसण्यापेक्षा तो हातातून सुटूच नये, हा विचार त्यामागे आहे.

विरघळून औषधात शिरलेल्या पॅलेडियमचं काय, हा प्रश्न आता टाळताच येत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला जास्तीत जास्त 100 मायक्रोग्रॅम पॅलेडियम पोटात गेलेलं चालतं. ही मर्यादा पाळायला कारखाने मालाचा द्राव अशा सिलिका किंवा रेझिनच्या थरातून नेतात ज्याच्यावर गंधकाचे गट मुद्दाम बसवलेले असतात. पॅलेडियम तिथे अडकतं. रुग्णाच्या सुरक्षेसाठी बसवलेला हा थर आपोआप धातूचा साठा होतो. कोळशाच्या भुकटीच्या मानाने त्यात टक्केवारी कमी आणि गंधक जास्त, म्हणून तो पॅलेडियम-कार्बनच्या ड्रममध्ये मिसळू नये. गंधकाचा धूर भट्टीच्या स्क्रबरवर वेगळा भार टाकतो आणि नमुन्याचा हिशेबही बिघडवतो. त्याचा वेगळा ड्रम करायचा, वर ‘सल्फर आहे’ असं ठळक लिहायचं, आणि वजन वहीत त्याच पानावर टाकायचं.